'३८ मीटर @ २.१ ग्रॅम' म्हणजे नक्की काय? शोध-कंपन्यांचे ड्रिलिंगचे निकाल कसे वाचायचे?

अभय_ठाणे (सोमवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. मामेभाऊ मेलबर्नला असतो. त्याच्या नादाने गेल्या वर्षी एलआरएसमधून (परदेशात पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची योजना) थोडे पैसे पाठवून तिकडच्या तीन-चार छोट्या सोनं-शोधणाऱ्या कंपन्यांचे शेअर घेतले. या कंपन्यांकडे खाण नसते, उत्पन्न नसतं. असतो तो जमिनीचा परवाना आणि ड्रिलिंगचं मशीन, तेही भाड्याचं.

त्यातल्या एकीची (नाव देत नाही, उगाच चर्चा तिकडे जाईल) दोन आठवड्यांपूर्वी बातमी आली. मथळा असा: "भोक क्रमांक १७ मध्ये ६४ मीटर खोलीपासून ३८ मीटर @ २.१ ग्रॅम प्रति टन सोनं. त्यात १ मीटर @ ७२ ग्रॅम प्रति टन." शेअर सकाळीच पस्तीस टक्के वर. मी पण आनंदाच्या भरात आणखी घेतले. बुधवारी ट्रेडिंग थांबवलं. शुक्रवारी कळलं की कंपनीने मोठ्या गुंतवणूकदारांना सवलतीत नवे शेअर विकलेत. आज भाव बातमीच्या आधी होता त्याच्याही खाली आहे.

भाऊ म्हणतो, "रिझल्ट सॉलिड आहेत, धरून ठेव." पण सॉलिड म्हणजे काय, हे ना त्याला सांगता येतं ना मला. ३८ मीटर चांगलं की वाईट? २.१ ग्रॅम चांगलं की वाईट? कुणी जाणकार असेल तर समजावून सांगा.

टवाळखोर (रात्री ९:५२)

आमच्या गावी पाणाड्या तळहातावर नारळ ठेवून रानभर फिरायचा. नारळ उभा राहिला की "इथं मारा बोअर". तीनशे फूट फुफाटा निघायचा. तुमच्या कंपनीने नारळाचे पैसे बाजारातून उभे केले, एवढाच फरक.

मीनल_जो (रात्री १०:०५)

दादा, सोनंच घ्यायचं होतं तर सराफाकडे जायचं ना. निदान हातात वळं तरी आलं असतं.

पर्थकर (रात्री १०:३१)

मी भूगर्भशास्त्रज्ञ आहे, पर्थमध्ये. कालगुर्ली या सोन्याच्या खाणींच्या गावाच्या आसपास नऊ वर्षं याच भोकांच्या मागे घालवली. हे लिहिलंय ते शिक्षण म्हणून वाचा, शेअर घ्या-विका असं काही सांगत नाही.

आधी आकड्याचा अर्थ. १ ग्रॅम प्रति टन म्हणजे एक टन दगड फोडला, दळला, त्यातलं सगळं सोनं निघालं असं धरलं, तर एक ग्रॅम. आपला तोळा ११.६६ ग्रॅमचा. म्हणजे १ ग्रॅमच्या दगडातून एक तोळा काढायला जवळजवळ बारा टन दगड. ऐकून हसू येतं, पण जमिनीलगत मोठा साठा असेल तर १ ग्रॅमवरही उघड्या खाणी चालतात. तोच १ ग्रॅम सहाशे मीटर खाली असेल तर तो दगड देवाने तिथे ठेवलाय, तिथेच राहू द्या.

त्यामुळे "२.१ चांगलं का?" या प्रश्नाला एकटं उत्तर नाही. किती खोल, किती जाड, किती लांब पसरलंय, हे बरोबर हवं.

आता तुमचा मथळा. ३८ गुणिले २.१, म्हणजे ७९.८. याला आम्ही ग्रॅम-मीटर म्हणतो, भोकात एकूण किती माल दिसला त्याचं ढोबळ माप. त्यातला १ मीटर ७२ चा. ७९.८ मधून ७२ गेले, उरले ७.८. ते उरलेल्या ३७ मीटरवर वाटा.

मीनल_जो (रात्री १०:३६)

०.२१!!! म्हणजे ३७ मीटरमध्ये जवळपास काहीच नाही?

पर्थकर (रात्री १०:४०)

बरोबर. एक मीटर भारी दगड आणि बाजूला सदतीस मीटर पाणी घातलेलं. खोटं एक अक्षरही नाही. सरासरी बरोबर आहे, नियमात बसते. पण वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर अडतीस मीटर जाडीचा सोन्याचा पट्टा येतो, आणि तो तिथे नाही.

"त्यात" हा शब्द दिसला की कॅल्क्युलेटर काढायचा. एवढं शिकलात तरी बरंच झालं.

अभय_ठाणे (रात्री १०:४४)

बापरे. मी तर "त्यात" म्हणजे वरचा बोनस समजलो होतो. ३८ मीटर तर आहेच, शिवाय ७२ पण!

टवाळखोर (रात्री १०:४६)

लग्नाच्या पंगतीत एकाच माणसाने अठ्ठ्याहत्तर जिलब्या खाल्ल्या आणि उरलेल्या दोनशे लोकांना एकही मिळाली नाही. वधूपिता सांगतोय, सरासरी तर ठीक पडली की हो.

तेजी_मंदी (रात्री ११:१२)

सगळे भूगर्भात शिरलात, जरा बाजारात या. मी असले शेअर सात वर्षं खेळतोय. सरासरी, ग्रॅम-मीटर यातलं काही बघत नाही. बातमी यायच्या आधी घ्या, मथळा आला की विका. खाण होणार की नाही हे कळायला दहा-पंधरा वर्षं लागतात, तेवढं थांबायला कोण बसलंय? अभयची चूक एवढीच की त्याने मथळ्यावर घेतले. मथळ्यावर विकायचे असतात.

पर्थकर (रात्री ११:२०)

@तेजी_मंदी, तुमचं पूर्ण चूक म्हणत नाही. पण "बातमी यायच्या आधी" घ्यायचं तर कोणती भोकं मारतायत आणि कुठे, हे वाचावंच लागतं. नाहीतर तो मटका. आणि बातमी वाईट आली तर विकायला गिऱ्हाईक मिळत नाही, हा अनुभव सात वर्षांत आला असेलच.

तेजी_मंदी (रात्री ११:२३)

आलाय. त्यावर बोलायला नको.

शब्दवेडा (मंगळवार, सकाळी ७:१५)

एक अवांतर. पर्थकरांनी हा शब्द अजून वापरला नाही, पण कंपनीच्या कागदात 'ॲसे' असतो. प्रयोगशाळेत दगडातलं सोनं मोजणं. कुणी मराठीत घाईने 'असे' लिहिलं की वाक्याचा बट्ट्याबोळ: "असे निकाल असे आले." आपल्याकडे त्याला अस्सल शब्द आहे: कस. सोनार दगडावर घासून बघतो तो कस आणि तो दगड म्हणजे कसोटी. तेव्हा या धाग्यावर तरी कस म्हणू या.

कोअरवाला_नागपूर (सकाळी ८:०२)

शब्दवेडा, झकास. आम्ही छत्तीस वर्षं इंग्रजी शब्द वापरला आणि घरातला शब्द आठवला नाही.

मी निवृत्त. सरकारी कामात भोकं मारली, मध्य भारतात बहुतेक. नागपूर हे तसं खाणवाल्यांचंच गाव. भारतीय खाण ब्युरोचं मुख्यालय इथे, मँगनीज काढणाऱ्या मॉइलचं इथे, खनिज शोधणाऱ्या एमईसीएलचंही इथेच. शेअरचं मला कळत नाही, पण भोकातून वर काय येतं ते कळतं. दोन गोष्टी सांगतो.

पहिली म्हणजे भोक कशाने मारलं. हिऱ्याच्या बिटने मारलं तर दगडाची अखंड कांडी वर येते, तिला कोअर म्हणतात. नेहमीची कांडी पावणेपाच सेंटीमीटर जाड. एक मीटर कांडीचं वजन पाच किलोच्या आत-बाहेर. ती उभी अर्धी कापतात. अर्धी पेटीत राहते, अर्धी प्रयोगशाळेत जाते. म्हणजे सव्वादोन-अडीच किलो. ते दळून पीठ करतात आणि त्या पिठातून साधारण ३० किंवा ५० ग्रॅम घेऊन भट्टीत कस लावतात. आता विचार करा बाप्पा, एक मीटर जमीन, आणि निकाल चमचाभर पिठाचा.

दुसरी पद्धत हवेच्या दाबाची, तिला आरसी म्हणतात. तिच्यात कांडी येत नाही, चुरा येतो. स्वस्त, झटपट. पण खाली पाणी लागलं की चुरा ओला होतो, वरचा खालच्यात मिसळतो. सोन्याचा एक जड कण आतल्या आत घरंगळला तर पुढच्या चार मीटरमध्ये सोनं "सापडतं". म्हणून भोक कोणत्या प्रकारचं, नमुना सुका होता की ओला, आणि कोअर असेल तर मीटरमागे किती कांडी हाती लागली, हे आधी पाहा. मीटरमधली अर्धीच कांडी वर आली असेल तर उरलेल्या अर्ध्यात काय होतं ते फक्त विठ्ठलाला माहीत.

आपण म्हणतो शितावरून भाताची परीक्षा. लोखंड, मँगनीज, बॉक्साइट यांना ते चालतं, सगळी शितं सारखी. सोनं तसं नाही. सोनं खिरीतल्या काजूसारखं. एका चमच्यात काजू आला म्हणून खीर काजूची होत नाही आणि नाही आला म्हणून बिनकाजूचीही होत नाही. तुमचा तो ७२ चा मीटर काजू असू शकतो. दुसऱ्यांदा कस लावला का, किती आला, ते विचारा.

रेवा_क (सकाळी ९:१०)

काका, किती छान लिहिता! मी म्युच्युअल फंडवाली, यातलं ओ की ठो कळत नाही, तरी शेवटपर्यंत वाचलं.

बंड्या_पुणेकर (सकाळी ११:३०)

पर्थकर आणि काका दोघेही फारच निराशावादी वाटले. अरुंद पण भारी शिरा म्हणजे कायम फसवणूक असं नाही. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरियातली फॉस्टरव्हिल खाण घ्या. वर्षानुवर्षं साधारण कसाची खाण. मग खोलात स्वान नावाचा पट्टा लागला, डोळ्यांना दिसणारं सोनं. एकेकाळी खाणीचा सरासरी कस ३० ग्रॅमच्या वर होता आणि २०२० मध्ये तिथून ६ लाख औंसांहून जास्त सोनं निघालं. तेव्हा भोकातला ७२ बघून "काजू, काजू" म्हणणारे बसमधून उतरले असतील.

पर्थकर (दुपारी १२:०५)

@बंड्या, उदाहरण चांगलं आहे आणि मुद्दा मान्य. पण फॉस्टरव्हिलमध्ये काय झालं? एका भोकात भारी मीटर, शेजारच्या भोकात भारी मीटर, त्याच्या खालच्यात पुन्हा. शीर एका भोकातून दुसऱ्यात चालत गेली. आणि खाण, दगड दळायची गिरणी, बोगदे आधीच तयार होते.

म्हणून एका भोकाचा निकाल बघू नका, शेजार बघा. नवं भोक जुन्यांच्या मधोमध मारलंय की पन्नास-शंभर मीटर बाहेर? मधोमध मारून भारी आलं तर जे माहीत होतं तेच पक्कं झालं. बाहेर मारून आलं तर साठा वाढतोय. आणि जुन्या भारी भोकाच्या दोन मीटर शेजारी भोक मारून "जबरदस्त निकाल" म्हणणारेही असतात. तो निकाल म्हणजे गेल्या वर्षीचाच पेपर पुन्हा सोडवलेला.

टवाळखोर (दुपारी १२:११)

आणि तरीही सत्तर टक्के.

शब्दवेडा (दुपारी १:४०)

ब्रे-एक्सचा उल्लेख अजून कसा नाही? या विषयावर बोलायचं आणि बुसांग नाही म्हणजे आंब्याच्या गप्पांत हापूस नाही.

नव्या लोकांसाठी: ब्रे-एक्स ही कॅनडातल्या कॅल्गरीची एक छोटी कंपनी, इंडोनेशियात कालिमंतानच्या जंगलात बुसांग इथे तिची भोकं. एकामागून एक भारी निकाल. साठ्याचा अंदाज वाढत वाढत ७ कोटी औंसांपर्यंत गेला आणि शेअर काही सेंटांवरून १९९६ मध्ये २८० कॅनेडियन डॉलरच्या पुढे. मग मार्च १९९७ मध्ये तिथला भूगर्भशास्त्रज्ञ मायकल डी गुझमन हेलिकॉप्टरमधून खाली पडून मेला. भागीदार म्हणून येऊ घातलेल्या फ्रीपोर्ट या खाणकंपनीने स्वतःची भोकं मारली, तर सोनं नगण्य. मे महिन्यात स्ट्रॅथकोना या स्वतंत्र संस्थेने सांगितलं, नमुन्यांत सोनं बाहेरून घातलेलं होतं.

कोअरवाला_नागपूर (दुपारी ३:२०)

आमच्या वेळी हे प्रकरण चहाच्या टपरीवर महिनाभर चालू होतं. मला त्यातलं एक कायम खटकलं. त्यांनी कांडी अर्धी ठेवलीच नव्हती. जवळजवळ सगळीच्या सगळी दळायला. का, तर म्हणे सोनं खडबडीत आहे, मोठा नमुना हवा. ऐकायला शास्त्रीय. पण पेटीत अर्धी कांडी ठेवतात ती कशासाठी? उद्या कुणी शंका घेतली तर हीच कांडी समोर ठेवता यावी म्हणून. पुरावाच दळून टाकला.

आणि त्या सोन्याचे कण गोल गुळगुळीत होते, नदीच्या वाळूत सापडतात तसे. दगडातल्या शिरेतलं सोनं असं घासलेलं नसतं. कागदावर कस हजार वेळा तपासला, पण भिंगाखाली धरून कुणी वेळेवर विचारलं नाही की बाबा रे, तू आलास कुठून.

पर्थकर (दुपारी ४:०२)

त्यानंतरच कॅनडाने २००१ मध्ये ४३-१०१ हा नियम आणला, खाणकंपन्यांनी निकाल कसे जाहीर करायचे याचा. ऑस्ट्रेलियात त्याच कामाची जॉर्क संहिता त्याआधीची, १९८९ ची. तिच्या मागे पोसायडनची कहाणी आहे.

१९६९. व्हिएतनामचं युद्ध, कॅनडात इन्को या निकेल-कंपनीच्या खाणींत संप, निकेलला सोन्याचे दिवस. पश्चिम ऑस्ट्रेलियात विंडारा इथे पोसायडन नावाच्या कंपनीने ऑक्टोबरमध्ये जाहीर केलं की एका भोकात ४० फूट लांबीत सरासरी ३.५६ टक्के निकेल. सप्टेंबरच्या सुरुवातीला ८० सेंट असलेला शेअर फेब्रुवारी १९७० मध्ये २८० डॉलरला! शेजारच्या जमिनीचा तुकडा नावावर असलेली कंपनीही वर. मग कळलं की कस सुरुवातीला वाटला तेवढा नाही, निकेलचा भावही उतरला. खाण निघाली, पण कंपनी १९७६ मध्ये बाजाराच्या यादीतून बाहेर. विशेष म्हणजे इथे ब्रे-एक्ससारखी नमुन्यात भेसळ नव्हती. निकेल खरंच होतं.

१९७१ मध्ये जी समिती बसली तिची पुढे जॉर्क झाली. अभय, तुमच्या बातमीच्या शेवटी बारीक अक्षरात 'कोष्टक १' असणार. मथळा वाचून झाला की तिथे जा. भोक कसलं, नमुना कसा घेतला, सरासरी काढताना कसाची खालची मर्यादा किती धरली, मधला रिकामा दगड किती मीटरपर्यंत चालवून घेतला, सगळं तिथे असतं. २०१२ च्या आवृत्तीपासून तर एखादी गोष्ट दिली नसेल तर का नाही, हेही लिहावं लागतं.

मीनल_जो (संध्याकाळी ६:१५)

आपल्याकडे असे शेअर नाहीत का?

कोअरवाला_नागपूर (रात्री ८:३०)

मीनलताई, फारच थोडे. आपल्याकडे शोधाचं काम बहुतेक सरकारी संस्थाच करतात. पण निकाल वाचण्याची चूक आपल्याकडेही तीच.

फेब्रुवारी २०२० आठवतो? उत्तर प्रदेशात सोनभद्रमध्ये तीन हजार टनांहून जास्त सोनं सापडलं म्हणून चॅनलवाले नाचले. कर्नाटकातल्या कोलारच्या खाणींमधून सव्वाशे वर्षांत आठशे टनांच्या आसपास सोनं निघालं. म्हणजे चार कोलार एका टेकडीत! इथेच कान टवकारायला हवे होते. मग जीएसआयने (भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण) खुलासा केला: ५२,८०६.२५ टन धातुपाषाण, सरासरी कस ३.०३ ग्रॅम. गुणाकार करा. १६० किलो सोनं. टन नाही, किलो. कुणीतरी दगडाचे टन आणि सोन्याचे टन एकाच पोत्यात भरले.

आणि २०२३ मधलं जम्मूकडच्या रियासीचं लिथियम. ५९ लाख टन म्हणून पेढे वाटले. ते ५९ लाख टन धातुपाषाणाचे, शुद्ध लिथियमचे नव्हे, आणि पायरी जी-३. आपल्या पद्धतीत जी-४ म्हणजे नुसती टेहळणी, जी-१ म्हणजे सविस्तर शोध. जी-३ म्हणजे भोकं विरळ, मधली जागा अंदाजाने भरलेली. लिलाव मांडला, तर बोली लावणारे पुरेसे मिळाले नाहीत, २०२४ मध्ये रद्द झाला. पैसे लावणाऱ्याने जी-३ चा अर्थ बरोबर वाचला.

रेवा_क (रात्री ८:४१)

१६० किलो! आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तेव्हा डॉलर तीस रुपयांवर येणार होता.

बंड्या_पुणेकर (रात्री ९:०५)

माझ्याकडून एक भर. 'समतुल्य' शब्दापासून सावध. "तांबे-समतुल्य १.४ टक्के." म्हणजे तांबं थोडं, थोडं सोनं, थोडी चांदी, थोडं कोबाल्ट, सगळ्यांचे भाव लावून तांब्यात बेरीज. भाव कोणते धरले? आणि चारही धातू एकाच गिरणीतून खरंच निघणार आहेत का? मी एकदा अशा 'समतुल्य'वर पैसे घातले होते. बेरजेतला निम्मा वाटा ज्या धातूचा होता तो त्या दगडातून वेगळा काढताच येत नव्हता. हे कंपनीने पुढच्या वर्षी पान ३४ वर सांगितलं.

तेजी_मंदी (रात्री ९:१०)

म्हणून म्हणतो, मथळ्यावर विका.

अभय_ठाणे (बुधवार, रात्री ११:१५)

मंडळी, मनापासून आभार. दोन संध्याकाळी त्या बातमीची सव्वीस पानं घेऊन बसलो. बायको म्हणाली, एवढा अभ्यास बारावीला केला असतास तर. जे सापडलं ते लिहितो, चुकलो तर कान धरा.

एक. भोकांची यादी पाहिली. क्रमांक १४, १५, १७, १८. सोळावं गायब! मला वाटलं चोर सापडला. कंपनीला ईमेल टाकला. दुसऱ्या दिवशी उत्तर: १६ नंबर ३१ मीटरवर रॉड अडकल्यामुळे सोडून दिलं, त्याचाच पर्याय म्हणून चार मीटरवर १७ मारलं. तळटीपेत लिहिलंही होतं, मीच वाचलं नव्हतं. म्हणजे इथे ते खरे निघाले.

दोन. १४, १५ आणि १८ मध्ये 'उल्लेखनीय काही नाही'. मथळ्यात त्यांचं नावच नाही, शेवटच्या पानावर कोष्टकात आहेत.

तीन. 'खरी जाडी' या रकान्यात: "अद्याप निश्चित नाही." हे काय प्रकरण आहे?

पर्थकर (गुरुवार, सकाळी ६:५०)

अभय, शाब्बास. सोळावं भोक विचारलंत ते फार बरं केलंत. रॉड अडकणं रोजचं आहे, मीही तीन वेळा गमावलेत.

खरी जाडी असं समजा: काकडी सरळ कापली की छोटी गोल चकती, तिरकी कापली की लांबोडकी. काकडी तेवढीच. भोक शिरेला आडवं छेदून गेलं तर भोकातले मीटर म्हणजे जवळपास खरी जाडी. भोक शिरेच्या अंगाअंगाने घसरत गेलं तर कितीही मीटर मिळवता येतात.

कोष्टकात भोकाचा उतार आणि दिशा दिलेली असते. आणि बातमीत कुठेतरी उभ्या छेदाचं चित्र असेल, शीर कशी कललीय ते दाखवणारं. दोन्ही इथे लिहा.

अभय_ठाणे (सकाळी ९:३०)

भोक १७: उतार ६० अंश, दिशा ०९०. चित्रात शीर तांबड्या रंगात आहे, उजवीकडे खाली जाते. खाली लिहिलंय: "पूर्वेकडे सुमारे ७० अंश कल." १४, १५, १८ ची दिशा २७०.

पर्थकर (सकाळी ९:५५)

०९० म्हणजे पूर्व. शीर पूर्वेकडे ७० अंशांनी उतरते आणि भोकही पूर्वेकडेच, ६० अंशांनी. दोघांमध्ये फक्त दहा अंश. म्हणजे भोक शिरेला छेदत नाही, तिच्या पोटातून खाली चाललंय. ३८ गुणिले साइन १०: खरी जाडी साधारण ६.६ मीटर.

बाकीची तीन भोकं पश्चिमेकडे, म्हणजे योग्य बाजूने मारलेली. त्यांच्यात काही नाही.

मीनल_जो (सकाळी १०:०२)

मग तो ७२ चा एक मीटर?

पर्थकर (सकाळी १०:०४)

कंपनीचंच चित्र बरोबर धरलं तर सतरा सेंटीमीटर.

टवाळखोर (सकाळी १०:०५)

वीतभरही नाही!

बंड्या_पुणेकर (सकाळी १०:२०)

थांबा, थांबा. चार भोकांवर ७० अंश कुणी ठरवला? चित्र काढणाऱ्याचाही अंदाजच. शीर उलट्या बाजूला कललेली निघाली तर १७ हे चांगलं भोक आणि बाकीची तीन वाया. कंपनीने मुद्दाम केलं असंही नाही. कल तपासायला दोन्ही बाजूंनी भोक मारावंच लागतं.

पर्थकर (सकाळी १०:४१)

हे शंभर टक्के बरोबर, आणि मी घाई केली. मी असतो तर मीही एक भोक उलट्या बाजूने मारलं असतं. मारण्यात काही चूक नाही. त्याच एका भोकाचा मथळा करून, खऱ्या जाडीच्या रकान्यात "निश्चित नाही" लिहून, चार दिवसांत शेअर विकणं, हे तुम्ही कसं घ्यायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. पुढच्या भोकांची दिशा बघा. ती २७० असतील आणि त्यात शीर सापडली तर गोष्ट वेगळी.

कोअरवाला_नागपूर (सकाळी ११:१५)

आणि त्या मीटरचा दुसरा कस.

अभय_ठाणे (शुक्रवार, रात्री १०:३०)

काका, दुसरा कस विचारला. उत्तर आलं: "नमुना पुन्हा तपासणीसाठी पाठवला आहे, निकाल सहा आठवड्यांत." पुढची सहा भोकं २७० ला आहेत असंही कळवलंय.

निम्मे शेअर आज काढले, तोट्यातच. निम्मे ठेवलेत, सहा आठवडे. भाऊ विचारत होता, का विकलेस. त्याला फोनवर काकडीचं सांगितलं, तर म्हणाला, "तू स्वयंपाक करतोयस का?"

टवाळखोर (रात्री १०:३३)

सहा आठवड्यांनी धागा वर काढा. तोवर मी नारळ आणून ठेवतो.